खोक्यावरचा आकडा आणि छातीतली मात्रा

इन्हेलरच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. १००, २०० किंवा ४००. फार्मसीत तो आकडा सांगूनच औषध मागितले जाते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तोच असतो आणि घरातल्या मंडळींच्या बोलण्यात 'त्याला दोनशेचा पंप आहे, हिला चारशेचा' अशी आजाराची प्रतवारीही त्याच आकड्यावरून लावली जाते. हा आकडा मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्यातले नेमके किती औषध श्वासनलिकांच्या अस्तरापर्यंत पोचले, हा प्रश्न तर बहुधा कोणी विचारतच नाही. दम्याच्या दीर्घकाळच्या उपचाराबद्दल मला जे लिहायचे आहे, ते सगळे या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाभोवतीचे आहे.

मी स्वतः दम्याची रुग्ण आहे, फोंडा तालुक्यात राहते आणि निवृत्तीपूर्वी शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या माहेरी दमा पिढीजात आहे. आजीच्या वेळी अडुळशाचा काढा होता, वडिलांच्या वेळी डेरिफायलिनच्या गोळ्या आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवून घेतलेली इंजेक्शने होती. श्वासावाटे घेण्याची स्टेरॉईड औषधे आमच्या घरात आली ती माझ्या पिढीत. 'गोव्याची हवा किती छान' असे पाहुणे म्हणतात तेव्हा मी मान डोलावते, कारण पाहुण्यांशी वाद घालू नये. पण जून ते सप्टेंबर या हवेत आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, कपाटातल्या पुस्तकांवर बुरशीची पांढरी साय धरते, गोधड्या वाळत नाहीत आणि गाद्यांमधल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांना याहून सुखाचे दिवस नसतात. पाऊस ओसरू लागला की चतुर्थीचा धूप आणि फटाके, मग नरकासुराचा धूर, आणि मग मार्गशीर्ष-पौषातल्या दवाने भिजलेल्या गार पहाटा. दमेकऱ्याला कोणता महिना सोयीचा, हे पंचांगात शोधावे लागेल.

या आजारात श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, हे सर्वांना ठाऊक असते, कारण ते जाणवते. छातीत शिट्टी वाजते, धाप लागते, बोलताना वाक्य तुटते. जे जाणवत नाही ते म्हणजे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सततची सूज, तिथे गोळा झालेल्या इओसिनोफिलसारख्या पेशी, आणि दाट चिकट कफ. साल्ब्युटामॉलचा निळा पंप स्नायू सैल करतो आणि काही मिनिटांत मोकळे वाटते. सुजेला तो हातही लावत नाही. ओल धरलेल्या भिंतीवर दरवर्षी चतुर्थीपूर्वी चुना मारावा आणि गळक्या कौलाकडे पाहू नये, तसा हा प्रकार आहे. सुजेचा बंदोबस्त करते ते स्टेरॉईड. ते पेशीत शिरते, तिथल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, पेशीच्या केंद्रकात जाऊन दाह निर्माण करणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. आणि हे सगळे सावकाश होत असल्यामुळे औषध घेतल्याचे त्या क्षणी काहीच जाणवत नाही. लक्षणे कमी व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि श्वासनलिकांचा चिडखोरपणा उतरायला महिने.

माझ्या मते सारा घोळ इथे आहे. जे औषध जाणवते त्यावर माणसाचा विश्वास बसतो आणि जे जाणवत नाही ते पहिल्यांदा विसरले जाते, मग परवडत नाही असे ठरते, मग 'आता बरे आहे, कशाला उगाच' म्हणून बंद होते. निळा पंप मात्र खिशात, पर्समध्ये, देवाच्या फळीवर, स्कूटरच्या डिकीत असा घरभर आणि गावभर असतो. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली आपली जुनी शिफारस बदलली आणि प्रौढांचा व किशोरवयीनांचा दमा, अगदी सौम्य असला तरी, एकट्या साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले. त्यामागे अनेक वर्षांच्या नोंदी आहेत. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक निळे पंप लागणाऱ्यांना तीव्र झटक्याचा धोका वाढलेला दिसतो आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्यांना मृत्यूचा. याच्या उलट बाजूचा आकडा कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांताच्या नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झाला: आधीच्या वर्षात वापरलेल्या प्रत्येक वाढीव स्टेरॉईड इन्हेलरमागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटत गेलेले आढळले, आणि तेही औषधाच्या कमी मात्रेत. जाणवत नाही ते औषध माणूस जगवते, हे त्या आकड्यात उघड आहे.

औषध थेट छातीत पोचवण्याची कल्पना तशी जुनी नाही. मोजून फवारा देणारा दाबाचा इन्हेलर १९५६ साली अमेरिकेतील रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने 'केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का येत नाही' असे विचारले आणि त्यातून हे घडले, असे सांगतात. मुले प्रश्न चांगले विचारतात, ऐकणारा बाप कंपनीचा प्रमुख असला की उत्तरही लवकर मिळते. मात्र त्या डब्यात स्टेरॉईड यायला आणखी दीड दशक गेले. कॉर्टिझोन आणि हायड्रोकॉर्टिझोन हुंगवून पाहण्याचे पन्नासच्या दशकातले प्रयत्न फारसे जमले नव्हते. १९७२ साली इंग्लंडमधील डर्बी येथील डॉ. हॅरी मॉरो ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक्लोमेथासोन या स्टेरॉईडच्या फवाऱ्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा वर्षानुवर्षे स्टेरॉईडच्या गोळ्यांवर असलेल्या अनेक रुग्णांच्या गोळ्या सुटू शकल्या. मॉरो ब्राऊन रुग्णाचा कफ स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि ज्याच्या कफात इओसिनोफिल दिसतील त्याला हे औषध लागू पडेल असा अंदाज बांधत. तेव्हाच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असे.

आता मात्रेकडे वळते. प्रौढांसाठी ब्युडेसोनाईड या श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉईडची दिवसाची एकूण मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असली तर ती कमी मानतात, ४०० च्या पुढे ८०० पर्यंत मध्यम, आणि त्यावर जास्त. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट हे दुसरे स्टेरॉईड अधिक प्रभावी असल्यामुळे त्याचे टप्पे वेगळे आहेत: १०० ते २५० कमी, ५०० पर्यंत मध्यम. म्हणून एकाच्या चारशेची दुसऱ्याच्या चारशेशी तुलना करण्यापूर्वी औषधाचे नाव वाचावे लागते. बेक्लोमेथासोनच्या बाबतीत तर गंमत अशी झाली की ओझोनच्या थराला घातक असलेला जुना वायू काढून डब्यात नवा वायू भरला गेला, तेव्हा काही बनावटींतले कण फार बारीक झाले, ते छातीत अधिक खोल पोचू लागले आणि तेच औषध जवळजवळ निम्म्या मात्रेत पुरेसे ठरले. रेणूत काडीचा फरक पडला नव्हता, फक्त थेंबांचा आकार बदलला होता. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची मात्रा प्रौढांच्या साधारण निम्मी असते. कोरड्या पावडरीच्या ब्युडेसोनाईडमध्ये १०० ते २०० मायक्रोग्रॅम ही त्यांची कमी मात्रा.

मात्रा दुप्पट केली की गुणही दुप्पट येईल, हा समज मी सुशिक्षित माणसांतही पाहिला आहे. श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉईडचा बहुतेक सगळा फायदा कमी मात्रेतच मिळून जातो, त्यापुढे फायद्याची चढण सपाट होत जाते आणि दुष्परिणामांची मात्र सुरू होते. काही रुग्णांना जास्त मात्रा खरोखरच लागते, हे खरे. पण दमा आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर आकडा वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहतात, निदान पाहायला हव्यात. रुग्ण औषध रोज घेतो का, ते नीट ओढतो का, आणि घरात धूर, बुरशी, उंदरा-मांजरांपैकी काय आहे. आमच्याकडे बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहता यातली दुसरी गोष्ट तपासायला कोणाला सवड असते, हे मी कोणावर ठपका न ठेवता विचारते.

या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण माझ्या मामांचे आहे. मामा फोंड्याजवळच्या गावात राहतात, देवळातल्या भजनी मंडळात गातात, आणि श्रावणात सप्ताहाच्या भजनासाठी त्यांना अजून आग्रहाने बोलावणे येते. मात्रा वाढवूनही त्यांची रात्रीची धाप कमी होत नव्हती. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दाखवावे का, असे मामी विचारत होत्या. मी म्हटले, "मामा, तुम्ही पंप घेता तसा एकदा माझ्यासमोर घ्या पाहू." त्यांनी डबा हलवला नाही. तोंड उघडले, डबा दाबला, आणि मग श्वास ओढला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्यांच्या ओठांच्या कडेने एक पांढरट ढग वर चढताना स्पष्ट दिसला.

"हे तर देवाला धूप दाखवल्यासारखे झाले," मामी म्हणाल्या.

"पंचवीस वर्षे असाच घेतो मी," मामा म्हणाले. "कोणी काही बोलले नाही."

तो ढग म्हणजे चिठ्ठीवरची मात्रा. दाबाच्या इन्हेलरमधून फवारा बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग इतका असतो की नीट घेतला तरी साधारण १० टक्के औषध फुप्फुसात जाते आणि बहुतांश घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून गिळले जाते. छातीत खोल जायचे असेल तर कण १ ते ५ मायक्रॉनचे असावे लागतात आणि हवा हळू वाहावी लागते. म्हणून डबा हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबणे आणि ओढणे एकाच वेळी सुरू करायचे, तीन ते पाच सेकंद सावकाश ओढत राहायचे आणि नंतर जमेल तर दहा सेकंद श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. हा मेळ साठीनंतर अनेकांना जमत नाही, लहान मुलांना तर नाहीच, आणि त्यासाठीच स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी असते. फवारा आधी तिच्यात साठतो, मोठे थेंब तिच्या भिंतीला चिकटून राहतात, बारीक कण सावकाश ओढता येतात. छातीत पोचणारा वाटा जवळपास दुप्पट होऊ शकतो आणि घशात साचणारा फार घटतो. ही नळकांडी सौम्य साबणाच्या पाण्यात धुवून आपोआप वाळू द्यायची असते. फडक्याने पुसली तर प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध आतच चिकटते. मामींना पुसायची फार हौस, त्यामुळे ही सूचना त्यांना दोनदा सांगावी लागली.

आपल्याकडे रोटाकॅपही पुष्कळ चालते. कॅप्सूल रोटाहेलरमध्ये खोचायची, यंत्र पिळायचे, कॅप्सूलचे दोन भाग होतात आणि आतली पावडर आपल्या श्वासाच्या जोरावर बाहेर येते. इथे रीत अगदी उलटी. दाबाच्या पंपाला सावकाश श्वास हवा, तर पावडरीला पहिल्या क्षणापासून जोराचा आणि खोल, कारण पावडरीच्या गुठळ्या फोडणारे दुसरे बळच त्या यंत्रात नाही. एकाच घरात आजोबांचा पंप आणि नातवाचे रोटाहेलर असले, की एकाचे पाहून दुसरा शिकतो आणि दोघेही चुकीचे ओढतात. काही जण त्या यंत्रातच फुंकर मारतात आणि पावडर ओली करतात. गोव्यातल्या पावसाळ्यात तर पावडरीला फुंकरीचीही गरज नसते. बाटलीचे झाकण सैल राहिले किंवा कॅप्सूल आधीच यंत्रात भरून ठेवली, तर आषाढात ती बोटांना मऊ लागते, पिळल्यावर नीट उघडत नाही, आणि ओढून झाल्यावर यंत्राचे तोंड काढून पाहिले तर तिच्या अर्ध्या टोपीत पावडरीची एक दमट कड चिकटून राहिलेली दिसते. खोक्यावर ४०० लिहिलेले आहे; त्यातले किती त्या कडेत राहिले, हे खोके सांगत नाही. कॅप्सूल लागेल तेव्हाच काढावी, कोरड्या हातांनी हाताळावी, औषध स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवू नये, आणि ओढून झाल्यावर टोपीत पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढावे. डब्याच्या पंपात औषध उरले आहे की नाही हे पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ती भरवशाची नाही. उरलेले फवारे मोजणारा आकडा असलेला पंप घ्यावा, नाहीतर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवावी.

मामांची खरी तक्रार धापेची नव्हती. ती आवाजाची होती. वरच्या षड्जाला आवाज फाटतो, अभंगाचा दुसरा चरण खरखरीत येतो, आणि मंडळातल्या कोणी तरी 'स्टेरॉईड घेतोस ना, म्हणून' असे सांगितल्यापासून सप्ताहाच्या आधी ते पंप बंद ठेवू लागले होते. सांगणाऱ्याचे अगदीच चुकले नव्हते. घशात साचलेले औषध स्वरयंत्रावरही बसते आणि काही रुग्णांचा आवाज त्यामुळे घोगरा होतो. तोंडात आणि घशात पांढरे चट्टे आणणारी कँडिडा बुरशीही याच कारणाने वाढते. औषध घेतल्यावर पाण्याने खळखळून गुळण्या करायच्या आणि ते पाणी गिळायचे नाही, थुंकायचे. दात घासण्याच्या आधी औषध घेण्याची सवय लावली तर गुळण्या आपोआप होतात आणि सकाळ-संध्याकाळची मात्राही चुकत नाही. माझा ब्रश आणि माझा पंप एकाच पेल्यात उभे असतात. चट्टे गुळण्यांनी आणि स्पेसरने बरेच टळतात. आवाजाचे तितके खात्रीने सांगता येत नाही. तिथे मात्रा कमीत कमी ठेवणे, यंत्र बदलून पाहणे, किंवा सिक्लेसोनाईडसारखे फुप्फुसात गेल्यावरच क्रियाशील होणारे औषध निवडणे, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात, पण त्यासाठी गाणाऱ्याने आपण गातो हे डॉक्टरांना सांगावे लागते. मामांनी ते कधी सांगितलेच नव्हते. आजारपणात गाण्याचे काय बोलायचे, असा त्यांचा संकोच. तंत्र सुधारल्यावर आणि मात्रा निम्म्यावर आल्यावर त्यांचा आवाज पुष्कळ सुटला, सगळा नाही. तार सप्तकातले तुकडे ते आता झीलकऱ्यांवर सोपवतात, आणि त्यात वयाचाही हात असावा, पण हे मी त्यांना सांगणार नाही.

'स्टेरॉईड' या नावाची भीती मला समजते. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉईड वेगळी, हे एकदा सांगितले की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी गोळ्यांच्या आठवणीची असते. आमच्या आत्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे होत्या. चेहरा सुजला, मणके ठिसूळ झाले, साखर वाढली. त्या गोळ्या वाईट नव्हेत. तीव्र झटक्यात त्यांनी अनेकांचे, माझ्या आत्याचेही, प्राण वाचवले. प्रश्न प्रमाणाचा आहे. तीव्र झटक्यासाठी प्रौढाला साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस देतात, म्हणजे २०० मिलिग्रॅम. रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड श्वासावाटे घेणाऱ्याला तेवढ्या वजनाचे औषध संपवायला ५०० दिवस लागतील. दोन्ही औषधे वेगळी, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे ही केवळ वजनाची तुलना आहे. पण गोळी सगळ्या रक्तात फिरते, आणि गिळले गेलेले ब्युडेसोनाईड यकृतातून पहिल्याच फेरीत सुमारे ९० टक्के निकामी होते, हे ध्यानात घेतले तर पारडे कुठे झुकते ते दिसते. आयुष्यात अशा गोळ्यांचे चार-पाच छोटे कोर्स झाले, तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. पंपाच्या भीतीने पंप सोडणारा माणूस दर पावसाळ्यात गोळ्यांच्या कोर्सपाशी येऊन पोचतो, आणि स्टेरॉईड टाळल्याचे समाधानही मिरवतो.

पंपाला दुष्परिणाम नाहीतच, असे म्हणणेही खोटे ठरेल. जास्त मात्रा वर्षानुवर्षे चालू राहिली तर मोतीबिंदू, काचबिंदू, हाडांची झीज, त्वचेवर सहज काळेनिळे पडणे आणि शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावणे हे धोके आहेत. अशी मात्रा एकाएकी बंद करणे म्हणूनच घातक. मुलांच्या उंचीचा प्रश्न माझ्या वहिनीने विचारला होता, आणि तिच्या प्रश्नाला 'काही होत नाही हो' असे उडवून लावणारे उत्तर मिळाले होते. अशा उत्तराने आईचे समाधान होत नाही, ती गुपचूप पंप बंद करते. खरे उत्तर असे: अमेरिका आणि कॅनडातल्या हजारावर मुलांच्या मोठ्या अभ्यासात चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची, औषधाविना फवारा घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. वाढीतली ही तूट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतली होती, ती दरवर्षी साचत गेली नाही. सव्वा सेंटिमीटर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खोकून खोकून रात्र काढणारे, खेळाच्या तासाला कडेला बसणारे, आणि आवर न घातलेल्या दम्याने स्वतःच वाढ खुंटू शकणारे मूल. वहिनीने आकडा ऐकला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एवढेच? मग हे आधी का नाही सांगितले कोणी?" तिची मुलगी आता कमी मात्रेवर आहे आणि स्पेसरशिवाय पंप घेऊ देत नाहीत म्हणून आईवर रागावते.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात कोणी झोपत नाही. गावोगाव कागदाचे आणि गवताचे नरकासुर उभे राहतात, पहाटे ते फटाक्यांसह पेटवले जातात, आणि अभ्यंगस्नान करून कारीट फोडेपर्यंत धुराचा थर गावावर बसून राहतो. माझा भाचा त्याच्या वाड्यातल्या नरकासुराचा सांगाडा बांधतो आणि त्यालाही दमा आहे. 'घरात बस' हा सल्ला त्याला देण्यात अर्थ नाही. त्याच्या डॉक्टरांनी त्याला ब्युडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला आहे, जो रोजही घ्यायचा आणि त्रास झाला तर तोच वरून घ्यायचा. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत श्वासनलिका मोकळी करते आणि त्याच फवाऱ्यात स्टेरॉईडही छातीत जाते, त्यामुळे त्रास वाढला की सुजेवरची मात्रा आपोआप वाढते. न जाणवणारे औषध जाणवणाऱ्याच्या पाठीवर बसवून पाठवण्याची ही युक्ती मला फार पटते. माणसाच्या स्वभावाशी भांडण्यापेक्षा तो गृहीत धरून केलेली ती योजना आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सौम्य दम्यात हा पंप केवळ लागेल तसा वापरणाऱ्यांचे तीव्र झटके, नुसते श्वासनलिका मोकळी करणारे औषध वापरणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत. जास्त ताकदीचे खोके या वापरासाठी नसते, फॉर्मोटेरॉलऐवजी सॅल्मेटेरॉल असलेला पंप असा वापरता येत नाही, आणि २००/६ ताकदीच्या (म्हणजे एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड आणि ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल असलेल्या) पंपाचे प्रौढाने दिवसभरात, रोजचे धरून, १२ फवारे ओलांडायचे नाहीत. तेवढे लागत असतील तर ती घरात बसून पाहत राहण्याची वेळ नव्हे.

मात्रा कमी कधी करायची, हा प्रश्न वाढवण्याइतकाच महत्त्वाचा, पण तो रुग्णानेच उपस्थित करावा लागतो. तीन महिने दमा चांगला आटोक्यात असला, रात्री जाग येत नसली, निळ्या पंपाची आठवण होत नसली, तर डॉक्टर मात्रा चतुर्थांशाने किंवा निम्म्याने उतरवतात आणि पुन्हा तीन महिने पाहतात. पूर्ण बंद करण्याची घाई प्रौढांत बहुधा अंगलट येते. मात्रा उतरवण्यासाठी वेळही पाहावी लागते: सर्दी-पडसे नसावे, प्रवास नसावा, बाई गरोदर नसावी. गरोदरपणात तर पंप सोडणे बाळालाही धोक्याचे, आणि ब्युडेसोनाईडचा त्या काळातला अनुभव दीर्घ व दिलासा देणारा आहे. या यादीत मी गोव्यापुरती भर घालीन. मृगाच्या तोंडावर मात्रा उतरवू नये, चतुर्थी ते दिवाळी या धुपा-धुराच्या दिवसांत तर मुळीच नाही. मामांनी म्हणून शिमगा उलटेपर्यंत थांबायचे ठरवले. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटरवर, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजण्याच्या नळीवर, रोज सकाळी आकडा पाहायला सांगितला आणि एका कागदावर लिहून दिले की तो स्वतःच्या उत्तम आकड्याच्या किती खाली गेला तर जुनी मात्रा परत सुरू करायची, आणि किती खाली गेला तर फोन न करता थेट निघून यायचे. तो कागद मामींनी कालनिर्णयाशेजारी टाचणीने लावला आहे, आणि आकडा मामा नव्हे, मामी लिहितात.